भाजलेल्या लाल भोपळ्याचं मसालेदार सूप

भाज्या उकडून मिक्सरला फिरवल्या तरी सूप होतं, पण ते पथ्याचं लागतं. भाजल्यावर भाजीतलं पाणी उडतं, गोडवा एकवटतो, कडा तांबूस होतात आणि सुपाला अंग येतं. म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ ओव्हनच्या ट्रेपाशीच जातो.

चौघांसाठी मी लाल भोपळा सोलून, बिया काढून ५०० ग्रॅम, २ गाजरं, ३ मध्यम टोमॅटो, १ मोठा कांदा आणि लसणीच्या ८ न सोललेल्या पाकळ्या घेते. भोपळ्याच्या फोडी इंचभर, गाजराच्या त्याच्या निम्म्या, कारण गाजर शिजायला हट्टी. कांद्याच्या जाड पाकळ्या. सगळ्याला मिळून २ मोठे चमचे तेल, हाताने चोळून. मीठ या वेळी चिमूटभरच घालते. जास्त घातलं आणि फोडी तशाच ठेवल्या, तर पाणी सुटतं.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, २२० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून १५ मिनिटं आधी तापवते. फोडी एकाच थरात, मध्ये बोटभर जागा ठेवून. इथेच बहुतेकांचं बिनसतं. ट्रे खच्चून भरला की भाजीची वाफ भाजीतच अडकते, फोडी लिबलिबीत होतात आणि रंग येतच नाही. ट्रे लहान असेल तर दोन खेप करावी. टोमॅटो तर मी वेगळेच भाजते, अर्धे चिरून, कापलेली बाजू वर. ते भोपळ्याशेजारी ठेवले की त्यांचा रस ट्रेभर पसरून सगळं शिजवत बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेवर बेकिंग पेपर हवाच, टोमॅटोची आंबटाई त्या धातूला लागते.

लसूण २० मिनिटांत काढून घेते; करपलेल्या एका पाकळीचा कडवटपणा अख्ख्या भांड्यात उतरतो. त्याच वेळी फोडी उलटते आणि ट्रेही फिरवते, कारण माझ्या ओटीजीत मागची बाजू जास्त तापते. एकूण ३५ ते ४० मिनिटं. कडा गडद तपकिरी चालतात, काळ्या नाहीत. ओव्हन नसेल तर बिडाच्या तव्यावर थोड्या-थोड्या फोडी मध्यम आचेवर भाजाव्यात. वेळ जातो, पण चव जवळपास तीच येते.

तोवर दुसऱ्या शेगडीवर भोपळ्याच्या बिया, त्यांच्याभोवतीचा गर आणि कोथिंबिरीच्या काड्या एक लिटर पाण्यात २० मिनिटं उकळून गाळून ठेवते. नुसत्या पाण्यापेक्षा हे बरं. कोबीची पानं मात्र यात टाकू नयेत, उग्र वास येतो.

मसाला भाज्यांवर भुरभुरून ट्रेमध्ये घालायचा मोह टाळावा. एवढ्या आचेवर पूड करपते. मी १ चहाचा चमचा धणे, अर्धा चमचा जिरं, पाव चमचा बडीशेप आणि ७-८ मिरी मंद आचेवर कोरडेच भाजून जाडसर कुटते. पातेल्यात १ चमचा तूप, त्यात हा मसाला आणि अर्धा चमचा काश्मिरी मिरची पूड. वास सुटला की, म्हणजे १५-२० सेकंदांत, लगेच सोललेली लसूण, भाज्या आणि ७५० मिलीलिटर गाळलेलं पाणी. ५ मिनिटं उकळी.

मिक्सरला लावण्याआधी १५ मिनिटं थांबते. गरम सूप भांड्यात भरून झाकण घट्ट लावलं, तर आतल्या वाफेने झाकण उडतं. भांडं निम्मंच भरावं. टोमॅटोची सालं नको असतील तर गाळावं. मला थोडा रवाळपणा आवडतो, मी गाळत नाही.

मग सूप परत पातेल्यात गरम करते. मीठ आता चाखून. भोपळा गोड निघाला असेल तर गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस. कढत सुपात घालून उकळलं की लिंबाचा ताजेपणा जातो. नारळाचं दूध हवं असेल तर वाढताना प्रत्येक वाटीत दोन चमचे, म्हणजे ते फाटायचा प्रश्नच नाही.

उरलेलं फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवते. गार झाल्यावर ते खळीसारखं घट्ट होतं. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत गरम करावं, नाहीतर बुडबुडे फुटून चटके हातावर येतात.