मावशीचा क्रोटन माझ्याकडे हिरवा का झाला
मे महिन्यात सावंतवाडीला मावशीकडे गेले होते तेव्हा तिच्या अंगणातल्या क्रोटनची एक फांदी घेऊन आले, तिथे तो कुंपणाला लागून माझ्या डोक्याच्या वर गेलाय आणि पानं नुसती लाल पिवळी केशरी. पुण्यात बाल्कनीत कुंडीत लावली, जगली पण, आणि मग जी नवी पानं आली ती सगळी हिरवीगार! मला वाटलं खत कमी पडलं. फोन केला तर मावशी म्हणे, "अगो, ऊन लागतंय का त्याला? सावलीत ठेवलंस तर हिरवाच राहणार तो."

मग जरा वाचत बसले. लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडचा म्हणजे गाजरात असतात तसली रंगद्रव्यं, आणि हरितद्रव्य जिथे कमी तिथेच ती पिवळी-केशरी उठून दिसतात. उजेड कमी पडला की झाड हरितद्रव्यावर भर देतं, त्याला पोट भरायचंय, माझ्या बाल्कनीच्या शोभेशी त्याला काय करायचंय. बऱ्याच जातींत कोवळं पान हिरवं-पिवळं असतं आणि जून झालं की लाल होतं, आंब्याच्या पालवीच्या अगदी उलट.

पानांचे आकार तर विचारूच नका. कुठे रुंद, कुठे गवतासारखं बारीक, कुठे स्क्रूसारखा पीळ, आणि एका जातीत पान मध्येच संपतं, नुसती शीर तारेसारखी पुढे जाते आणि तिच्या टोकाला परत एक छोटं पान लोंबतं! हे सगळं एकाच स्पीशीजमध्ये म्हणजे प्रजातीत, शास्त्रीय नाव कोडिएयम व्हेरिगेटम. मूळचं इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांकडचं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये याला क्रोटन वंशात टाकलं, नंतर वेगळं काढलं पण नाव चिकटलं ते चिकटलंच. खरा क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा (तोच जुलाबाचा, हसू नका), दोघंही एरंडाच्या कुळातले.

मावशीच्या झाडावर दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं, मी कीड समजून तोडायला गेले, तर ती फुलं! नर फुलं पांढरी, पुंकेसरांचा बारीक झुपका असलेली, आणि मादी फुलांचे तुरे त्याच झाडावर पण वेगळे, पिवळसर, पाकळ्याच नाहीत. बी धरलं तरी त्यातून तसंच रंगीत झाड येईल याची खात्री नसते म्हणून सगळे फांदी लावतात नाहीतर गुटी बांधतात, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू देतात. फांदी कापताना पांढरा चीक येतो तो हाताला लागू देऊ नका, मला दोन दिवस खाज येत होती.

आता कुंडी बेडरूमच्या ग्रिलवर हलवलीय, तिथे सकाळचं ऊन येतं. परवा उघडलेल्या पानाची मधली शीर पिवळी आहे.