हीटिंग चालायचं ते फक्त गरम पाण्याच्या जोडीने: वाय-प्लॅनची ग्रे अखेर सापडली

सुटलं एकदाचं! जुन्या प्रोग्रॅमरच्या (वेळा लावायच्या डब्याच्या) जागी ॲपवाला नवा कंट्रोलर बसवल्यापासून नुसतं हीटिंग लावलं की बॉयलर पेटतच नव्हता. माझ्याकडे वाय-प्लॅन आहे: एकच मिड-पोझिशन व्हॉल्व्ह बॉयलरचं पाणी रेडिएटरकडे, गरम पाण्याच्या टाकीकडे (सिलिंडरकडे) किंवा दोन्हीकडे वळवतो, आणि व्हाइट, ग्रे, ऑरेंज या त्याच्या वायरी. काल गरम पाणी बंद ठेवून नुसतं हीटिंग लावलं आणि बॉयलर पेटला. पंप फिरला, रेडिएटर तापले. ज्यांनी मला 'व्हॉल्व्हचं हेड बदलून टाक' म्हणून पिडलं होतं, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो: हेड, म्हणजे व्हॉल्व्हवरचा मोटरचा डबा, तेच आहे, जुनंच.

मागच्या वेळी गाडी अडली होती ती इथे. नव्या कंट्रोलरचा रिसीव्हर जुन्या प्रोग्रॅमरच्या बॅकप्लेटवर (भिंतीवरच्या जोडणीच्या पट्टीवर) आरामात बसला. भिंतीवरचा रूम स्टॅट (खोलीचा थर्मोस्टॅट) काढला, त्याच्या दोन वायरी जोडणीच्या पेटीत एकमेकींना जोडल्या आणि न्यूट्रल वेगळी बंद करून ठेवली (जुन्या स्टॅटमधल्या चिमुकल्या हीटरसाठी असायची ती, आता बेकार). गरम पाणी आणि हीटिंग दोन्ही लावलं की सगळं झकास. फक्त गरम पाणी लावलं तरी झकास. पण फक्त हीटिंग लावलं की ॲपमध्ये ज्योत दिसणार, रिसीव्हरचा रिले टक् करणार, व्हॉल्व्ह घुर्र करून थोडा सरकणार, आणि बॉयलर ढिम्म.

वाय-प्लॅनवाल्यांना कारणाचा अंदाज आला असेलच. मिड-पोझिशन व्हॉल्व्हला नुसती व्हाइट लाइव्ह मिळाली तर तो मधोमध जाऊन थांबतो. मधल्या जागी असताना तो स्वतः बॉयलरला काहीच देत नाही, कारण तिथे बॉयलर सिलिंडर स्टॅटने (टाकीवरच्या थर्मोस्टॅटने) पेटवायचा असतो. व्हाइटच्या जोडीला ग्रेही लाइव्ह झाली तरच तो पूर्ण हीटिंगच्या बाजूला जातो आणि आतला स्विच ऑरेंजला वीज देतो. ग्रेला वीज दोन वाटांनी मिळते: टाकी तापल्यावर सिलिंडर स्टॅटकडून, नाहीतर प्रोग्रॅमरच्या 'हॉट वॉटर ऑफ' टर्मिनलवरून. बॅकप्लेटवर ते टर्मिनल १.

मग हेडवर इतका वहीम का? कारण या हेडांची मोटर आणि मायक्रोस्विच जातात हे खरंच आहे. पण सुटा भाग मागवण्याआधी मी एक फुकटची चाचणी केली, आणि ती प्रत्येकाने करावी असं माझं ठाम मत आहे. गरम पाणी आणि हीटिंग दोन्ही चालू करा आणि सिलिंडर स्टॅटची चकती ६० वरून पार खाली फिरवा. स्टॅट क्लिक करतो, म्हणजे टाकी 'तापली' असं त्याला वाटतं, आणि तो ग्रेला लाइव्ह देतो. माझ्याकडे व्हॉल्व्ह लगेच पुढे सरकला आणि बॉयलर पेटलेलाच राहिला. म्हणजे मोटर ठीक, दोन्ही मायक्रोस्विच ठीक, व्हाइट ठीक, पेटीपासून व्हॉल्व्हपर्यंतची ग्रेही ठीक. उरलं काय? रिसीव्हरच्या टर्मिनल १ पासून पेटीतल्या ७ नंबरपर्यंतची, जिथे ग्रे जोडलेली आहे, एकच वायर.

इथून पुढे मीटरने छळलं. रिसीव्हरच्या १ वर सरळ २३० व्होल्ट. पेटीतल्या ७ वर ८०-९०, तेही हलते. हा आकडा व्हॉल्व्हच्या पोटातून उलटा येतोय का, म्हणून वीज बंद करून ग्रे सातातून सोडवली, वेगळ्या कनेक्टरमध्ये ठेवली आणि पुन्हा मोजलं. तरी तेच. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे शेजारून धावणाऱ्या लाइव्ह वायरीतून नुसत्या कपॅसिटन्सने झिरपणारी वीजसुद्धा त्याला दिसते. मीटर लो-झेडवर (कमी रोधाच्या सेटिंगवर) टाकला आणि आकडा शून्य. दोन टोकांच्या टेस्टरनेही तेच सांगितलं. भुताटकीचे व्होल्ट! हीटिंगच्या वायरिंगवर काम करायचं असेल तर मीटरपेक्षा आधी चांगला टेस्टर घ्या, जीएस३८ (ब्रिटनमधलं चाचणी उपकरणांचं सुरक्षा मार्गदर्शन) ला धरून असलेला, ज्याच्या टोकाचा उघडा धातू ४ मिलीमीटरपेक्षा जास्त नाही असा. दहा-दहा फंक्शनवाल्या स्वस्त मीटरांवर माझा आता विश्वास उरलेला नाही.

मग स्पर (हीटिंगला वीज देणारा फ्यूजवाला स्विच) बंद, ३ अँपिअरचा फ्यूज काढून खिशात, टेस्टर आधी दुसऱ्या चालू जागी तपासला, इथे मृत असल्याची खात्री केली, परत चालू जागी तपासला. सातमधली वायर ओढून पाहिली तर घट्ट! दिसायलाही व्यवस्थित. स्क्रू सैल करून बाहेर काढली तेव्हा कळलं: तांबं जेमतेम दोन मिलीमीटर सोललेलं, आणि स्क्रूचा दाब बसलेला तो प्लास्टिकवर. निळ्या आवरणावर स्क्रूचा खळगा स्पष्ट उमटलेला. हो, निळ्याच. पूर्वी ज्याने कुणी ही पेटी भरली त्याने निळी वायर लाइव्ह म्हणून वापरली आणि तिच्यावर तपकिरी बाही चढवायचीही तसदी घेतली नाही. त्याच पेटीत दुसरी केबल लाल-काळी, म्हणजे २००६ च्या आधीची. ब्रिटनमधल्या जुन्या एअरिंग कपाटात (गरम पाण्याची टाकी ठेवतात त्या कपाटात) हे नेहमीचंच. रंगावर भरवसा ठेवूच नये.

प्रश्न उरतो की इतकी वर्षं कुणाला कसं कळलं नाही. माझा तर्क असा: जुन्या प्रोग्रॅमरवर दोन्ही चॅनल एकाच वेळेला लावलेले होते. गरम पाणी चालू असेपर्यंत सिलिंडर स्टॅट काम भागवत होता, टर्मिनल १ ची गरजच पडत नव्हती. नवा कंट्रोलर दोन्ही वेळापत्रकं वेगळी चालवायला लागला आणि बिंग फुटलं. रिसीव्हर परत करण्याच्या बेतात असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. (विक्रेत्याने पाठवलेल्या कागदावर फक्त कॉम्बी, म्हणजे टाकी न लागणाऱ्या, बॉयलरची आकृती होती. सिलिंडरवाल्या घरांनी काय करायचं? त्यांच्या मदत क्रमांकावरच्या माणसाने तर 'ऑफ टर्मिनल लागत नाही' असं ठणकावून सांगितलं. एस-प्लॅनला, म्हणजे दोन वेगळ्या व्हॉल्व्हच्या रचनेला, नाही लागत; वाय-प्लॅनला लागतं!)

वायर नीट सोलली, बाही चढवली आणि स्क्रूच्या पट्टीऐवजी वॅगो २२१ या खटक्याच्या कनेक्टरमध्ये घातली. पारदर्शक असल्यामुळे तांबं आत कुठवर गेलंय ते दिसतं, आणि या बिघाडावर तेवढंच हवं होतं. आता अख्खी पेटीच वॅगोंवर न्यायची, प्रत्येक गटाला लेबल लावायचं, असं ठरवलं होतं.

होतं, म्हणतोय, कारण हे लिहिता लिहिता कपाटात जाऊन हेडला हात लावून आलो. कोमट. हीटिंग बंद, गरम पाणी बंद, तरी कोमट. बिघाड नाही हा, वाय-प्लॅनचा स्वभावच आहे: पाणी बंद म्हणजे ग्रे लाइव्ह, त्यामुळे हीटिंग संपल्यावरही मोटर व्हॉल्व्हला त्याच जागी धरून बसते, पुन्हा गरम पाण्याची मागणी येईपर्यंत. वीज किरकोळ जाते, पण रात्रभर ताणलेली ती मोटर माझ्या डोक्यातून जाईना.

तेव्हा एस-प्लॅन पुन्हा टेबलावर. दोन टू-पोर्ट व्हॉल्व्ह, मागणी असेल तेव्हाच वीज, स्प्रिंगने आपोआप बंद, ग्रेची भानगडच नाही (तिथेही ग्रे वायर असते, पण ती कायम लाइव्ह, नाव सारखं आणि काम वेगळं). अडचण बायपासची. माझ्या बॉयलरला पंप ओव्हररन आहे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटल्यावरही पंप काही वेळ फिरणार, त्या पाण्याला वाट हवी. पंपानंतर आणि व्हॉल्व्हच्या आधी टी काढून ऑटोमॅटिक बायपास (दाब वाढला की उघडणारा व्हॉल्व्ह) रिटर्नला, म्हणजे बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपाला, जोडायचा, इतकं नक्की. कपाटात त्यासाठी पाइपाचा सरळ तुकडा कुठे मिळतो ते मोजायचंय. पाणी काढायचं काम असल्याने उन्हाळ्याशिवाय हात घालणार नाही, आणि बॉयलरचं झाकण तर उघडणारच नाही. तो प्रांत गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅसचं काम करणाऱ्यांची यादी) नोंदणीवाल्यांचा.

तोवर पेटीत वॅगो घालताना एस-प्लॅनला लागणारे गट आत्ताच वेगळे करून ठेवतो. ज्यांनी अरुंद कपाटात बायपास आडवा बसवलाय, त्यांनी मापं पाठवा.