हँडगनने शिकार: गोळी आणि वेग कसा ठरवला

कॅलिबरचा, म्हणजे कोणत्या मापाचं काडतूस वापरायचं याचा, प्रश्न लवकर सुटला. हरणासाठी आणि रानडुकरासाठी .४४ मॅग्नम हे जोरदार काडतूस १९५५ पासून वापरात आहे, आणि परवान्याच्या नियमांतही ते बसत होतं. वेळ गेला तो गोळी निवडण्यात.

रायफलची गोळी सेकंदाला २,००० फुटांहून जास्त वेगाने लागली, की आजूबाजूचं मांसही ताणून फाटतं. हँडगनच्या वेगात तसं फारसं घडत नाही. गोळी जिथून जाते तेवढीच जखम. म्हणून ती जखम रुंद हवी आणि हृदय-फुफ्फुसांपर्यंत पोचलीच पाहिजे. जनावर तडफडत राहणं मला मान्य नाही, त्यामुळे इथे तडजोड नव्हती.

खोक्यावर छापलेला वेग बहुधा कंपनीच्या चाचणीच्या नळीतला असतो. माझ्या सहा इंची बॅरलच्या रिव्हॉल्वरसमोर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) ठेवला तर आकडा कमी आला. सिलिंडर आणि बॅरलमधल्या फटीतूनही थोडा दाब निसटतोच. त्यात २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला १,३०० फुटांनी निघाली तरी १०० यार्डांवर जेमतेम हजाराच्या आसपास उरते. म्हणजे पाहायचा तो जनावराला लागतानाचा वेग.

होलो पॉइंटचं, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या आणि लागल्यावर पसरणाऱ्या गोळीचं, सगळं यावरच अवलंबून. वेग फार कमी पडला तर ती उघडतच नाही. उलट .४४ स्पेशलसारख्या मंद काडतुसासाठी बनवलेली मऊ गोळी मॅग्नमच्या वेगात लगेच पसरते आणि आत खोल जात नाही. पाण्याने भरलेले कॅन रांगेत लावून मी गोळ्या झाडल्या आणि एकेक काढून पाहिली. जिच्या पाकळ्या सारख्या उघडल्या होत्या आणि शिसं तांब्याच्या आवरणाला घट्ट धरून होतं, ती २४० ग्रेनची गोळी हरणासाठी ठेवली, तीही ५० यार्डांच्या आतच वापरायची.

रानडुकराची चामडी जाड, खांदा दणकट. तिथे ३०० ग्रेनची, रुंद सपाट नाकाची हार्ड कास्ट (कडक शिशाची ओतीव) गोळी घेतली. तिला पसरावं लागत नाही, त्यामुळे वेग थोडा कमी असला तरी चालतो. रिकॉइल, म्हणजे हाताला बसणारा धक्का, मात्र जबर आहे, आणि जड गोळी जवळच्या निशाण्यावर वर लागते, म्हणून नेम धरायची साइट वेगळी बसवावी लागली. शिवाय ती बहुतेक वेळा आरपार जाते. जनावरामागे मातीचा चढ दिसत नसेल तर मी चाप ओढत नाही.