जालन्याचं आमचं डिस्क गोल्फ अजून उभं आहे

जालन्यात डिस्क गोल्फ आहे म्हटलं की जालन्यातलेच लोक विचारतात कुठंय म्हणून. आहे हो, आमच्या भागातल्या जुन्या बागेत, नऊ बास्केट. 2012-13 च्या दुष्काळाच्या आधी आम्ही मित्रांनी मिळून उभं केलेलं, एक मित्र अमेरिकेहून डिस्क, म्हणजे फ्रिसबीसारख्या चकत्या, घेऊन आला होता आणि बाकी सगळं इथलंच, एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप, सळईच्या रिंगा आणि झोक्याला लावतात तसल्या साखळ्या. या मे महिन्यात सुट्टीला गावी आलो तर सकाळी सकाळी तिकडंच गेलो, ऊन चढायच्या आत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, जिथं पडली तिथून परत फेकायची, कमीत कमी फेकीत बास्केटमध्ये घालायची. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह नावाच्या पार्कात 1975 ला याचा पहिला कायमचा कोर्स झाला, एड हेड्रिक नावाच्या माणसाने केलेला. सुरुवातीला तिथं नुसते खांब होते, मग लागली का नाही लागली यावरून वाद, म्हणून त्याने साखळ्या लावलेली बास्केट काढली आणि 1977 ला तिचं पेटंट मिळवलं. साखळीचं काम लई भारी आहे, वेगात आलेली डिस्क साखळ्यांवर आदळली की साखळ्या हलतात, डिस्कचा जोर त्या हलण्यात संपतो आणि डिस्क सरळ खाली टोपल्यात पडते. हा माणूस 2002 ला गेला तेव्हा त्याच्याच इच्छेने त्याची राख मिसळून डिस्क बनवल्या होत्या, मला हे वाचल्यापासून त्याच्याबद्दल फार माया वाटते.

तर आपल्या बास्केट. बागेच्या वरच्या अंगाला मुरूम आहे, तिथले खांब आजही ओळंब्यात आहेत. खालच्या अंगाला काळी माती, आणि काळी माती कुणाला सोडते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, दरवर्षी खांबाला थोडं थोडं ढकलते. सात नंबरचा खांब इतका कलला आहे की एका बाजूच्या साखळ्या खांबाला चिकटून लोंबतात आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा पडली आहे, बुडाशी हात जाईल एवढी भेग. जवळ जाऊन साखळ्या बघितल्या. खालच्या कड्या चांगल्या जाड आहेत, पण वरच्या रिंगेत अडकवलेली कडी घासून घासून तारेएवढी राहिली आहे, दोन साखळ्या तर तिथूनच तुटून गेल्यात. म्हणून मधोमध मारलेला पट, म्हणजे बास्केटजवळून मारलेली शेवटची फेक, पण आरपार निघून जातो.

पण खरा बदल झाडांनी केलाय. तेव्हा छातीएवढे असलेले कडुलिंब आता एकमेकांत गुंतलेत, तीन नंबरला आम्ही डिस्क वरून उंच सोडायचो ती वाटच बंद, आता फांद्यांच्या खालून कमरेच्या उंचीने सरळ काढावी लागते. उजव्या हाताच्या माणसाची बॅकहँड डिस्क, म्हणजे हात छातीसमोरून ओढून फेकलेली, वेग संपला की डावीकडं वळते, आणि डावीकडंच बुंधा उभा आहे, त्यामुळं फार विचार करावा लागतो, मला तर हा होल पहिल्यापेक्षा जास्त आवडला. चार नंबरचं उलट झालं. तिथला गुलमोहर त्या दुष्काळात गेला, ज्या साली जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावली, तिथं बागेतल्या झाडाला कोण पाणी घालणार. आता तिथं सगळं मोकळं आहे, सोपं आहे, आणि मला ते बघवत नाही.

माळीमामा भेटले. "काय शोधू राहिले साहेब?" म्हटलं मामा, या बास्केटवर कुणी खेळतं का आता. "ते साखळ्यावाले टोपले ना? पोरं येतात की रोज संध्याकाळी, डब्याचे झाकणं फेकतात."

संध्याकाळी परत गेलो तर खरंच, सात-आठ पोरं, पेंटच्या डब्यांची झाकणं घेऊन. नियम त्यांचे त्यांनीच केलेले. एकीला माझा पटर, म्हणजे जवळून फेकायची डिस्क, दिला, तिने दोनदा हातात फिरवून बघितला आणि साइडआर्मने, म्हणजे हात बाजूने फिरवून, थेट साखळीत घातला, खण्णकन. डिस्क परत देताना म्हणाली, "काका, ही जड आहे, वाऱ्याने हलत नाही." अगदी बरोबर पकडलं पोरीने.

आता काही जण म्हणू राहिले की हे भंगार काढून तिथं व्यायामाची मशीनं बसवा. मशीनं बसवा ना, बागेत जागा पडली आहे, पण हे काढू नका. पोरं रोज खेळतात त्याला भंगार कसं म्हणायचं? नवीन काहीच नकोय इथं. वरच्या कड्या बदलायच्या, आणि खालचे खांब उपटून काळ्या मातीच्या खाली मुरूम लागेपर्यंत खोल खड्डा घेऊन परत काँक्रीटमध्ये बसवायचे. वेल्डिंगवाला तोच आहे, मी बोललोय त्याच्याशी, साखळी आणि सिमेंटचा खर्च आम्ही जुने मित्र करतोय, परवानगीचा अर्ज पण दिलाय. चार नंबरला गुलमोहराच्या जागी कडुलिंब लावायचाय, पाण्याचं मामांनी कबूल केलंय.

मृग लागायच्या आत खांब बसले पाहिजेत, एकदा काळी माती ओली झाली की तिथं पाय ठेवता येत नाही. जालन्यातले कुणी असाल तर रविवारी सकाळी सहाला या, पहार आणि घमेलं असेल तर घेऊन या. आणि कुणाकडं जुन्या डिस्क पडून असतील तर पोरांसाठी द्या, पटर असतील तर फारच बरं, ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क, त्यांच्या हाताला अजून झेपणार नाहीत.