फोनवर चित्र असताना अंगणात अँटेना कशाला?

“बाई, हे तर फोनवर दिसतं की!”

अंगणात अँटेना घेऊन उभी असले की कुणी ना कुणी हे म्हणतंच. कधी पालक, कधी शाळेतले सहकारी, कधी मासळी घेऊन आलेली शेजारीण. माझ्या हातात हातभर लांबीच्या दोन अॅल्युमिनियमच्या सळ्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या जोडलेल्या असतात. त्यांच्यातून निघालेली केबल पडवीतल्या लॅपटॉपला गेलेली असते आणि नजर घड्याळाकडे असते. हवामान उपग्रह डोक्यावरून जात असताना त्याचं चित्र मी थेट उतरवून घेते. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात हे चमत्कारिक वाटणं साहजिक आहे. प्रश्नही रास्त आहे. वाटेत उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज बैजवार सांगते.

आधी एक गोष्ट कबूल करते. फोनवरचं चित्र माझ्या चित्रापेक्षा कितीतरी चांगलं असतं. आपले हवामान उपग्रह इन्सॅट-३डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला इन्सॅट-३डीएस हे सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, भारताच्या रेखांशावर विषुववृत्ताच्या माथ्यावर ठाण मांडून बसलेले आहेत. त्यांची नजर आपल्यावरून हलत नाही. एकेक उपग्रह दर अर्ध्या तासाला अख्खा गोलार्ध टिपतो आणि दोघांच्या वेळा आलटून पालटून ठेवल्या की पंधरा मिनिटांना एक चित्र मिळतं. तो डेटा दिल्लीला हवामान विभागाकडे उतरतो, तिथे त्यावर संस्कार होतात आणि मग तो आपल्यापर्यंत पोचतो. बोटी बाहेर काढायच्या की नाही हे ठरवायला तेच बघायचं आणि हवामान विभागाचा इशारा पाळायचा. माझ्या अंगणातल्या चित्रावर कुणी होडी लोटू नये, असं मी प्रत्येकाला बजावून सांगते.

मग मी हे का करते? त्या ‘संस्कार होतात’ या दोन शब्दांसाठी.

दर आगोटीला मोबाईलवर एक चित्र फिरतं. अरबी समुद्रावर लालभडक डाग आणि खाली ‘कोकणावर महासंकट’. आमच्या आळीतल्या एका आजींनी ते पाहून रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. सकाळी त्यांनी मला विचारलं, “एवढी आग समुद्रावर लागली कशी गं?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. लाल म्हणजे तापलेलं, असंच आपण शिकतो. त्या चित्रात मात्र लाल म्हणजे अतिथंड होतं. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड, आणि अतिथंड माथे डोळ्यात भरावेत म्हणून कुणीतरी संगणकावर त्यांना लाल रंग दिला होता. मूळ चित्रात रंगच नसतो. असतात फक्त आकडे, त्या त्या ठिकाणाहून वर गेलेल्या उष्णतेच्या किरणांचे. उपग्रहाचं अवरक्त, म्हणजे या उष्णतेच्या किरणांचं, चित्र हा फोटो नसून मोजमाप आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण कळलं ते पहिल्यांदा स्वतः चित्र उतरवलं तेव्हा.

ते असं होतं. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे उपग्रह साधारण साडेआठशे किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून फिरायचे. पृथ्वीची एक फेरी सुमारे १०२ मिनिटांत. खाली जे दिसेल ते त्याच क्षणी १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास प्रक्षेपित करत जायचे. कुणालाही, फुकट, काही कुलूपकिल्ली न लावता. टीव्हीसाठी बनवलेला एक स्वस्त यूएसबी डोंगल आणि त्या दोन सळ्या एवढ्यावर ते ऐकू यायचं. सळ्या प्रत्येकी ५३ सेंटीमीटरच्या, मधला कोन १२० अंश.

हो, ऐकूच यायचं. आधी नुसती खरखर. मग उपग्रह दक्षिणेच्या क्षितिजावर उगवला की तिच्यातून एक बारीक शिट्टी वर यायची आणि तिच्यावर सेकंदाला दोन ठोके, टक्-टक्, टक्-टक्. एक ठोका म्हणजे चित्राची एक ओळ. ओळीला २०८० ठिपके. शिट्टीचा जोर वाढला की ठिपका उजळ, कमी झाला की काळपट. संध्याकाळी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या फेरीत आधी लंकेच्या खालचा समुद्र यायचा, मग केरळ, मग आपला किनारा. सातवी-आठवीची मुलं लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बसलेली असायची. गोव्याची खाच दिसली की एकच गलका व्हायचा. ज्या भूगोलाने त्यांना परीक्षेत छळलं होतं, तो त्यांच्यासमोर ओळीओळीने विणला जात होता.

चित्राच्या कडेला करड्या रंगाच्या पायऱ्यांची एक उभी पट्टी यायची. मुलं विचारायची, हा कचरा कसला? माझ्या मते सगळ्या चित्रात मोलाची जागा तीच होती. उपग्रहातला आरसा मिनिटाला ३६० वेळा फिरायचा आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीखेरीज आणखी दोन ठिकाणी बघायचा. एकदा रिकाम्या अवकाशाकडे आणि एकदा उपग्रहाच्या पोटातल्या, तापमान ठाऊक असलेल्या एका काळ्या पृष्ठाकडे. वाणी माल तोलण्याआधी काटा शून्यावर आणतो आणि माहीत असलेलं वजन ठेवून पारखतो, तसंच हे. त्या पट्टीत या पारखणीचे आकडे असतात. त्यांच्याशी ताडून पाहिलं तरच करड्या ठिपक्याचे अंश सेल्सिअस होतात. नाही पाहिलं तर ते नुसतं सुंदर चित्र.

दुसरा धडा घड्याळाने दिला. चित्रावर किनाऱ्याची रेघ काढायची तर उपग्रह कोणत्या क्षणी नेमका कुठे होता हे संगणकाला कळावं लागतं. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या आतला सेल संपला होता, त्यामुळे वेळ दरवेळी हाताने लावावी लागे. एकदा वीस सेकंदांची चूक राहिली. उपग्रहाची सावली जमिनीवरून सेकंदाला साडेसहा किलोमीटरच्या वर धावते. वीस सेकंद म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पडद्यावर आमच्या तालुक्यातलं हर्णै बंदर जवळजवळ मुंबईच्या पाण्यात जाऊन बसलं. त्या दिवसापासून आमच्या मुलांपैकी कुणी नकाशावरची रेघ डोळे मिटून खरी मानत नाही.

आणि तिसरा धडा पावसाने दिला. जुलैतल्या एका सकाळी शाळेच्या पर्जन्यमापकात शंभर मिलिमीटरच्या वर पाणी होतं. पऱ्हे तुडुंब वाहत होते. चित्र उतरवलं तर आमच्यावर फिकट करडा पट्टा. पांढरेशुभ्र, अतिथंड माथे होते ते कुठेतरी दूर बंगालच्या उपसागरावर. मी तीनदा तपासलं, चूक नव्हती. मोसमी वारा सह्याद्रीवर चढतो तेव्हा बनणारे ढग पुष्कळदा फार उंच नसतात. माथा उबदार, म्हणून अवरक्त चित्रात ते दबलेले दिसतात, आणि पाऊस मात्र धो धो. उलट उंचावरचे पिंजलेले, विरळ ढग थंडगार असल्याने उजळ दिसतात आणि त्यांतून थेंबही पडत नाही. कोकणात राहणाऱ्या माणसाला हे माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. ‘उपग्रहात काही दिसत नाही’ आणि ‘पाऊस नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्याकडेही माड-पोफळी आडव्या होत होत्या. घरावरची कौलं उडाली. वीज गेली, मोबाईल गेले, रस्ते झाडांनी बुजले. संध्याकाळी वारा पडला तेव्हा आळीतली माणसं आमच्या पडवीत जमली. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, मागून आणखी काही येतंय का? सांगणारं कुणी नव्हतं. हवामान विभागाकडे सगळी माहिती होती, पण ती आमच्यापर्यंत पोचायची वाटच तुटली होती.

लॅपटॉपमध्ये चार्जिंग होतं. उपग्रहांच्या वेळांचा आठवड्याचा तक्ता मी वहीत लिहून ठेवत असे. सातच्या सुमाराला नोआ-१५ जायचा होता. पडलेल्या फांद्या बाजूला सारून मी अंगणात उभी राहिले, यजमानांनी केबल धरली. आणि एरवी कधीच ऐकला नव्हता इतका स्वच्छ आवाज आला. पहिले ठोके ऐकू आले तेव्हा अंगावर काटा आला. कारण नंतर उमगलं. एरवी घराघरांतले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर त्या लहरींवर सतत कचरा सांडत असतात. त्या दिवशी अख्ख्या पंचक्रोशीत एक दिवा नव्हता.

चित्रात ढगांचा विस्कटलेला गोळा घाट ओलांडून पुणे-नाशिकच्या अंगावर गेलेला दिसला. आमच्या पश्चिमेला समुद्रावर दुसरा गोळा नव्हता. मी एवढंच सांगितलं, जे दिसलं तेवढंच. सगळे पडद्याकडे बघत राहिले. ज्या आजींनी मागे आग कशी लागली विचारलं होतं, त्यांनी बोटाने पांढरा डाग दाखवला आणि म्हणाल्या, “हे थंड ना?”

बंदरावरचा एक ओळखीचा तांडेल विचारतो, ह्यात मासळी दिसते का? थेट दिसत नाही, पण प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. अशाच उपग्रहांच्या अवरक्त मोजमापातून समुद्राच्या पाण्याचं तापमान काढतात. थंड आणि गरम पाण्याच्या सीमेवर मासळीला खाद्य मिळण्याचा संभव जास्त असतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांसाठी संभाव्य मासेमारी क्षेत्राची जी सूचना काढते, ती या तापमानावर आणि पाण्याच्या हिरव्या रंगाच्या मोजमापावर आधारलेली असते.

आणखी एक सांगायचं राहिलं. ही थेट चित्रं पाठवण्याची सोय डिसेंबर १९६३ मध्ये टायरॉस-८ या उपग्रहाने सुरू झाली आणि हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या त्या वर्षांत आपल्या मुंबईत, कुलाब्याला, ती उतरवून घेणारं यंत्र बसलं. आमच्या अंगणातली सळ्यांची जोडी त्याच घराण्यातली. ते तीन नोआ उपग्रह २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये एकामागून एक बंद करण्यात आले. नोआ-१५ तर १९९८ पासून फिरत होता, माझे सगळे विद्यार्थी त्याच्यानंतर जन्मलेले. ठोके थांबले तेव्हा मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

आता आम्ही रशियाचे मेटिऑर-एम मालिकेतले उपग्रह घेतो, त्याच सळ्यांवर. सिग्नल डिजिटल आहे. चित्र चौपट बारीक येतं, एक किलोमीटरचा ठिपका. पण सिग्नल क्षीण झाला की जुन्यासारखं दाणेदार होत जात नाही, काळी पट्टी येते आणि तेवढा भाग गेलाच. मुलांना ऐकायलाही काही नसतं, नुसती सपाट खरखर. म्हणून नव्या मुलांना मी आधी ३ जूनचं ध्वनिमुद्रण लावते. मूळ आवाज मी पुसलेला नाही, कारण संस्कार पुन्हा करता येतात, मूळ डेटा पुन्हा मिळत नाही. गेल्या महिन्यात नववीतल्या दोघींनी ती फाईल नव्या सॉफ्टवेअरमधून काढली. कडेच्या पट्टीवरून तापमान लावलं, घड्याळ तपासलं आणि मला न सांगता चित्रावर आमच्या गावाच्या जागी पेन्सिलीच्या टोकाएवढा ठिपका दिला. मी मोजून पाहिलं. ठिपका बरोबर जागी होता.