घराचा कब्जा, बारा वर्षं आणि अकरा महिन्यांचा कागद

आमच्या नागपूरच्या मनीषनगरात किती घरं अशी आहेत की पोरं पुण्या-बंगलोरला नाहीतर अमेरिकेत, अन् इकडे घर कोणाच्या तरी भरवशावर. म्हाताऱ्या मायबापांना एकच धास्ती, बारा वर्षं झाली की घर त्याचं होते ना?

नाही होत बाप्पा. लिमिटेशन ॲक्टमधली (दावा टाकायची मुदत ठरवणारा कायदा) १२ वर्षं (सरकारी जागेला ३०) मालकाला न जुमानता उघडउघड "हे माझंच" म्हणून बसणाऱ्यासाठी आहेत. तुम्हीच ठेवलेला चौकीदार, नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याचा हक्क लागत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. पण २०१९ च्या निकालानंतर खराखुरा कब्जेदार स्वतः कोर्टात जाऊन मालकी मागू शकतो, म्हणून बेसा-हुडकेश्वरकडे प्लॉट घेऊन विसरले असाल तर चक्कर मारून या, कोणी टिनाचं शेड टाकलं असेल तर नुसत्या नोटिशीनं ती बारा वर्षांची मुदत थांबत नाही, दावाच टाकावा लागते.

खरा घोळ कागदाचा आहे. शेजारच्या काकाजींनी ओळखीतल्या माणसाला वरचा माळा दिला, स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का, रजिस्टर काही केला नाही, मुदत संपली अन् आता तो निघूनच नाही राहिला. अकरा महिन्यांना रजिस्ट्री लागत नाही असं इथं सगळेच सांगतात, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी अन् रजिस्टर पाहिजेच, ती जबाबदारी मालकाची, नाही केला तर अटींबद्दल आधी भाडेकरूचंच म्हणणं धरतात. रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असता तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) सरळ अर्ज करता आला असता, वरून मुदतीनंतरचं दुप्पट भाडं.

लोकं त्यांना सांगून राहिले, लाईट कापा, सामान बाहेर फेका. अजिबात करू नका काकाजी! लाईट-पाणी तोडायला कलम २९ ची मनाई आहे, अन् जबरदस्तीनं काढलं तर तो स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली दावा टाकून ताबा परत मागेल, तिथं मालक कोण हे कोर्ट पाहतच नाही.

बंद घराचं कुलूप तोडून कोणी परका घुसला तर मात्र तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहिता कलम ३२९. विक्रीपत्र, टॅक्स पावती, लाईट बिलाच्या झेरॉक्स घेऊन त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. अन् तेच कलम ६ तुमच्याही कामाचं आहे, फक्त ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे.