एसएमआर न्यूरोफीडबॅक आणि तिरंदाजी: साताऱ्याच्या शेडमधली पावसाळी नोंद

न्यूरोफीडबॅक म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूची लय मोजायची आणि ती हवी तशी आली की स्वर वाजवायचा, म्हणजे तिरंदाज ती लय आणायला शिकतो. आतापर्यंत खुर्चीत बसून चाललेला हा सराव या टप्प्यात उभ्याने, बो हातात घेऊन सुरू झाला आहे. जागा तीच, पत्र्याची शेड आणि १८ मीटरवर बट, म्हणजे बाण अडवणारा लक्ष्याचा ठोकळा. बहुतेक वेळ मात्र सिग्नल स्वच्छ करण्यातच गेला, आणि तो जायलाच हवा होता. डोक्यावरून मिळणारी एसएमआर (सेन्सरीमोटर ऱ्हिदम) लय, म्हणजे मेंदूच्या हालचालीशी निगडित भागातला १२ ते १५ हर्ट्झचा पट्टा, जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असते. जबडा आवळला की स्नायूंचा सिग्नल तिच्या कितीतरी पट येतो. सिग्नल स्वच्छ नसेल तर खेळाडू मन लावून शिकतो खरा, पण शिकतो ते जबडा सैल सोडायला.

मेंदूचे सिग्नल टिपणारा बोर्ड ओपनबीसीआयचा सायटन, सेकंदाला २५० सँपल. सोन्याचा मुलामा असलेले कप इलेक्ट्रोड आणि टेन-ट्वेंटी पेस्ट. इलेक्ट्रोडची मुख्य जागा सीझेड, म्हणजे डोक्याचा माथा: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, मग दोन्ही कानांपुढच्या खळग्यांमध्ये आडवी धरायची, आणि दोन्हींचा मध्य घ्यायचा. सी३ आणि सी४ तिथून डावी-उजवीकडे, कान ते कान अंतराच्या २० टक्क्यांवर. जागेचा हा काटेकोरपणा उगाच नाही. १९९१ साली डॅनियल लँडर्स आणि सहकाऱ्यांनी तिरंदाजांवर केलेल्या प्रयोगात मेंदूच्या डाव्या बाजूचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा नेम सुधारला, उजव्या बाजूचं घेतलेल्यांचा बिघडला. म्हणजे चुकीच्या प्रशिक्षणाने नुकसानही होतं.

उजव्या हाताच्या तिरंदाजाचा रेफरन्स (तुलनेच्या इलेक्ट्रोडचा) क्लिप डाव्या कानाच्या पाळीवर, ग्राउंड डाव्या कानामागच्या हाडावर. उजवीकडे अँकरचा, म्हणजे ओढून चेहऱ्याशी टेकवलेला, हात आणि स्ट्रिंग येते, तिथे एकही वायर नको. सगळ्या वायरी मानेमागून कॉलरच्या आत घालून टेपने पक्क्या करायच्या. टोपी घालू नये, ती सीझेड दाबते.

डोक्याला आदल्या दिवशीपासून तेल लावायचं नाही आणि सकाळी शाम्पू करायचा. खोबरेल तेलाचा थर असेल तर कितीही पेस्ट भरा, इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) १० किलोओहमच्या खाली येत नाही. इलेक्ट्रोड लागले की आधी तपासणी. एक इलेक्ट्रोड डोक्याच्या मागच्या भागावर ओझेडला लावून डोळे मिटायला सांगा. १० हर्ट्झच्या आसपास अल्फाचा (डोळे मिटल्यावर वाढणाऱ्या लयीचा) उंचवटा काही सेकंदांत दिसायला हवा. तो दिसला नाही आणि आलेख तरीही हलताना दिसला, तर आधी पेस्ट आणि क्लिप तपासा. काही जणांचा अल्फा मुळातच लहान असतो हेही ध्यानात ठेवावं. नंतर दात आवळायला आणि पापण्या मिटायला लावून त्या खुणा ओळखून ठेवाव्यात.

आता पंखा. हा भाग कुणी फारसा सांगत नाही, म्हणून सविस्तर. छताचा पंखा मधल्या वेगावर सेकंदाला ४ ते ५ फेऱ्या मारतो. पाती तीन, म्हणजे लोंबणाऱ्या वायरींना हवेचे फटके सेकंदाला १२ ते १५. नेमका एसएमआरचा पट्टा! नॉच फिल्टर विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घरघर काढतो, हे काढू शकत नाही. पंखा बंद करून १ मिनिट आणि चालू ठेवून १ मिनिट रेकॉर्ड करा, फरक पडला तर आधी वायरी बांधा आणि तरीही फरक राहिला तर सत्रापुरता पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचा, चार्जर काढलेला.

पंखा बंद की घाम, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तो वाळत नाही. घामाने आलेख सावकाश वर-खाली तरंगतो. १ हर्ट्झचा हाय-पास (त्याहून सावकाश चढउतार गाळणारा फिल्टर) लावल्यावर बराच भाग जातो, पण पेस्ट सैल झाली तर फिल्टर काही करू शकत नाही. म्हणून सत्र सकाळी लवकर आणि आटोपशीर. पत्र्यावर पावसाचा मारा सुरू झाला की स्पीकरचा स्वर ऐकूच येत नाही. ब्लूटूथ इयरफोन टाळावा, त्याचा उशीर फिल्टरच्या उशिरात मिळून स्वर क्षण उलटल्यावर पोचतो. वायरचा इयरफोन, त्याची वायर इलेक्ट्रोडच्या वायरींपासून दूर.

सत्र असं: २ मिनिटं बेसलाइन (तुलनेसाठी नुसती नोंद), मग ३ मिनिटांचे पाच भाग, मध्ये १ मिनिट विश्रांती. एसएमआर थ्रेशोल्डच्या (ठरवलेल्या पातळीच्या) वर अर्धा सेकंद टिकला की स्वर. ४ ते ७ किंवा २० ते ३० हर्ट्झ वाढले की स्वर बंद. पहिला पट्टा पेंग आणि पापण्यांसाठी, दुसरा स्नायूंसाठी. थ्रेशोल्ड असा की साधारण ६० ते ७० टक्के वेळ बक्षीस मिळेल. बसलेल्याचा थ्रेशोल्ड उभ्याला चालत नाही, कारण हालचालीची तयारी सुरू झाली की ही लय दबते. प्रत्येक स्थितीची बेसलाइन वेगळी. पाचवा भाग मुका, स्वराशिवाय. सर्वांत जास्त लक्ष याच भागाकडे असावं, कारण स्पर्धेत कानात स्वर नसतो.

क्रम: बो खाली धरून उभं राहणं, बो उचलणं, रबर बँडने ओढणं, ५ मीटरवरून मोकळ्या बटवर बाण, मग १८ मीटर. बाण न लावता स्ट्रिंग कधीही सोडायची नाही. फुल ड्रॉमधला, म्हणजे स्ट्रिंग पूर्ण ओढलेली असतानाचा, लाइव्ह आकडा आम्ही धरत नाही. पाठ, मान आणि जबडा तेव्हा भरात असतात. फीडबॅक बो उचलण्यापूर्वीच्या काही सेकंदांपुरता. कंपाऊंडमध्ये (टोकांना चाकं असलेल्या बोमध्ये) लेट-ऑफमुळे स्ट्रिंग पूर्ण ओढल्यावर हातावरचं वजन घटतं, त्यामुळे ते वापरणाऱ्यांचा सिग्नल रिकर्व्हवाल्यांपेक्षा (चाकं नसलेल्या बोवाल्यांपेक्षा) स्वच्छ मिळतो. साताऱ्याला कंपाऊंडचं वेड आहेच. २०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत अदिती स्वामीने अंतिम सामना १४९-१४७ असा जिंकला, आणि इथेच सराव केलेल्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० मारून १५०-१४९ असा. एवढ्या बारीक फरकाच्या खेळात बाणाआधीचे सेकंद महत्त्वाचे आहेत याबद्दल शंका नाही.

मात्र एसएमआर चढला म्हणून नेम सुधारला, असं आम्ही अजून लिहीत नाही. सराव वाढला की नेम सुधारतोच. म्हणून प्रत्येक बाणाचे गुण, दुर्बिणीतून बघण्याआधी तिरंदाजाने केलेला अंदाज आणि ड्रॉ ते रिलीज वेळ वहीत जातात. पुढच्या टप्प्यात तुलनेसाठी काही सत्रांमध्ये दुसऱ्याच दिवसाचा रेकॉर्ड केलेला स्वर लावायचा. असा प्रकार होणार हे खेळाडूला आधी सांगून त्याची संमती घ्यायची, कोणत्या सत्रात ते नाही सांगायचं. बाणांची संख्या दोन्ही प्रकारच्या सत्रांत सारखी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ५० मीटरवर बाहेर जायचं आहे. तेव्हा नायलॉनचं जॅकेट टाळून सुती कपडे, कारण कोरड्या हवेत त्याच्या घर्षणाने आलेखात उंच टोकं येतात.